म्युनिकहून, खोली बदलल्याबद्दल

म्युनिक, ९ नोव्हेंबर

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

व्हिडिओ कॉलवर हे सांगायला तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा 'जेवलास का'वरच विषय संपला. म्हणून पत्र. मी खोली सोडली. येत्या शनिवारपासून एका ८१ वर्षांच्या आजींच्या घरी राहणार आहे. करारावर सही झालीये, तेव्हा रागवायचं तर निवांत रागवा.

इथे याला 'वोनन फ्युअर हिल्फं' म्हणतात, मदतीच्या बदल्यात राहणं. म्युनिकमध्ये १९९६ पासून चालू आहे. संस्थेतल्या बाई आधी माझ्याशी बोलल्या, मग आजींशी, मग आम्हाला समोरासमोर बसवलं. कांदेपोह्यांचा कार्यक्रमच, फक्त पोहे नव्हते. हिशोब असा: खोली जितके चौरस मीटर, महिन्याला तितके तास काम. माझी सोळा, म्हणजे आठवड्याला चारेक तास. भाडं नाही, वीज-पाणी-हीटिंगचे तेवढे द्यायचे. विद्यार्थी व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या त्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरो सुटतात, त्यातले ७२० नुसत्या खोलीत जात होते. बाबा, ती एफडी तुम्ही कशासाठी ठेवली होती ते मला माहीत आहे.

तुम्ही 'घरगडी' म्हणाल. तसं नाही हो. वाणसामान आणायचं, कचरा वेगवेगळा करून टाकायचा, बर्फ पडला की दारातला बाजूला सारायचा, संध्याकाळी गप्पा. आंघोळ घालणं वगैरे करारात बसतच नाही, त्यासाठी नर्स येते. आणि आई, आठवडाभर राहून बघितलंय. फ्रीजचा वरचा कप्पा माझा, कुकर चालतो. पहिल्या दिवशी फोडणीचा ठसका लागला त्यांना, तिसऱ्या दिवशी वाटी पुढे करून वरण मागून घेतलं.

आता जे लिहायला जड जातंय ते. आई, तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला मी नव्हतो, मावशी होती. आणि इथे परक्या आजींना धरून बेकरीत नेणार. लहानपणी कृष्णेच्या घाटावर तू माझं मनगट धरायचीस, हात सुटतो म्हणायचीस. परवा जिना उतरताना मीही त्यांचं मनगटच धरलं. मग बराच वेळ काही बोलता येईना. त्यांना वाटलं, माझं जर्मन संपलं.

बरं, आता ऐका. वरची माझी खोली रिकामी आहे. वालचंद कॉलेजचा एखादा गरजू मुलगा ठेवा. भाडं कमी घ्या, पण रात्री घरात माणूस असू दे. लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवा, ती जबाबदारी घरमालकाची असते. ओळखीतला आहे म्हणून सोडू नका. माझं टेबल, कॅरम त्याला द्या. बॅट नको. तुमच्याकडून होत नाही म्हणून सांगत नाहीये, मला झोप लागावी म्हणून सांगतोय. आणि बाबा, बीपीची गोळी 'घेतली' असं सांगू नका, घ्या.

आजींच्या जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आहे. आपल्याकडे एकाच बाजूला, तोही डुगडुगता, आणि आईचा दुखरा गुडघा नेमका दुसऱ्या बाजूचा. डिसेंबरचे वाचलेले पैसे पाठवतो, तुमचेच आहेत. फॅब्रिकेशनवाल्याला बोलावून आधी तेवढं करून घ्या.

तुमचा,
बाळ्या