वाद्यवृंदाच्या मुलांची नावे छापा

महोदय,
विद्यापीठातील विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद परवा ऐकला. देस रागातल्या रचनेत दिलरुबा हे गजाने वाजवायचे तंतुवाद्य तबल्याखाली दबू लागताच संचालकांनी डावा तळवा हलकेच खाली केला. तबल्यावरच्या मुलाने लगेच हात आवरला आणि दिलरुबा स्वच्छ ऐकू आला. सतार, सरोद, व्हायोलिन एका षड्जाला, म्हणजे ‘सा’ला, मिळवून घ्यायची, एकट्याने वाजवायची सवय असलेल्या मुलांना दुसऱ्यासाठी थांबायला शिकवायचे, हे फार चिकाटीचे काम आहे. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने गायक मौलाबक्षांनी १८८६ मध्ये इथे बडोद्यात गायनशाळा सुरू केली. १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषदही इथेच भरली. अशा शहरात कार्यक्रमाच्या बातमीत पाहुण्यांची नावे येतात, वाजवणाऱ्या मुलांची आणि त्यांच्या संचालकांची येत नाहीत. ती जरूर छापावीत, ही कळकळीची विनंती.

– एक श्रोता, दांडिया बाजार, बडोदे