आजीची चुकांची वही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात माझी आजी गेली. तुमच्या पेपरात आम्ही निधनाची छोटी बातमी दिली होती, त्यात 'निवृत्त शिक्षिका' आणि मागे कोण कोण आहे एवढंच आलं. जागा तेवढीच असते हे मान्य, पण ३४ वर्षं पहिली-दुसरीच्या वर्गावर काढलेल्या बाईबद्दल अजून थोडं लिहावं असं सारखं वाटत राहिलं म्हणून हे पत्र.

दुसरीला आजीच माझी वर्गशिक्षिका होती. घरी 'आजी, तू' आणि शाळेत 'बाई, तुम्ही'. एकदा भर वर्गात माझ्या तोंडून 'आजी' निघालं आणि सगळी पोरं हसली, तर ती शांतपणे म्हणाली, "ज्याला ज्याला मला आजी म्हणायचंय त्यानं म्हणा." त्या दिवसापासून अर्धा वर्ग तिला आजी म्हणायला लागला. मला खूप राग आला होता, माझी आजी सगळ्यांत वाटून टाकली असं वाटलं होतं.

आता तिचं कपाट आवरताना ११ वह्या सापडल्या. वर काहीच लिहिलेलं नाही, आत नुसत्या पोरांच्या चुका. पोराचं नाव कुठंच नाही, फक्त चूक आणि पुढं ती का झाली असेल ते. एका पानावर आहे, 'पंचवीस सांगितलं, ५२ लिहिलं. ऐकलं तसं लिहिलं, पाच आधी वीस नंतर. पोराचं चुकलेलं नाही.' त्याच्याच खाली, 'एकोणचाळीसचे ४९. चाळीस ऐकलं की ४ लिहून मोकळा. एकोण म्हणजे एक कमी हे मी सांगितलंच नव्हतं.' ध आणि घ, भ आणि म यांच्यावर तर पानंच्या पानं आहेत, शिरोरेघ कुठं तुटते ते पोराला बोटानं हवेत गिरवायला लावायचं वगैरे.

एक उदाहरण मला स्वतःला आठवतंय. ३०५ वजा १२८ याचं उत्तर वर्गात बऱ्याच जणांनी २२३ लिहिलं होतं, कारण ५ मधून ८ जात नाहीत म्हटल्यावर सरळ ८ मधून ५ काढले, शून्याचंही तसंच केलं. आजीनं कुणाच्याही वहीवर लाल फुली मारली नाही. काड्यांचे गठ्ठे आणले, शंभराचा एक गठ्ठा सोडला की दहाचे दहा गठ्ठे, त्यातला एक सोडला की दहा सुट्ट्या काड्या, आणि गठ्ठ्याचा रबर काढायचा तो पोरानंच, तिनं नाही. १७७ काड्या उरल्या त्या आम्ही दोनदोनदा मोजल्या. हातचा हा शब्द तिनं त्यानंतर दोन दिवसांनी काढला.

आणि ती थांबायची. प्रश्न विचारला की गप्प उभी राहायची, कुणाकडं रोखून न बघता. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात हेच मोजलं होतं असं नंतर माझ्या वाचनात आलं, शिक्षक प्रश्न विचारून साधारण एक सेकंदच थांबतात आणि तेच तीन सेकंद थांबले तर मुलं जास्त आणि नीट बोलतात. आजीनं हे काही वाचलेलं नव्हतं. पण तिच्या वहीत एका दिवसाची एवढीच नोंद आहे, 'आज थांबले नाही. उत्तर मीच देऊन टाकलं. उद्या परत विचारायचं.'

म्हणजे त्या वह्यांत तिच्या स्वतःच्याही चुका आहेत. सगळ्यात पहिल्या वहीत लिहिलंय, 'डावखुऱ्या मुलीला उजव्या हातानं लिहायला लावलं. अक्षर बिघडलं, मुलगी बोलेना. चूक माझी.' ती मुलगी म्हणजे माझी आई, हे आईनंच ते पान वाचून सांगितलं आणि मग बराच वेळ आम्ही दोघी काहीच बोललो नाही. मीही डावखुरी. मला मात्र आजीनं बाकाच्या डाव्या टोकाला बसवलं, शेजारणीचा कोपर लागू नये म्हणून, आणि वही इतरांच्या उलट बाजूला तिरकी ठेवायला शिकवलं. वर्गात दहातलं एखादं पोर डावखुरं निघतंच, त्या सगळ्यांना ती तसंच बसवायची. मला वाटायचं सगळ्याच शाळांत असंच करत असतील.

संपादक साहेब, एक विनंती आहे. निवृत्त शिक्षकांच्या अशा नोंदींसाठी आठवड्यातून थोडी जागा देता आली तर बघा. सत्कार, पुरस्कार याबद्दल नको, पोरं कुठं अडतात आणि त्यांनी काय केलं तेवढंच. आणि वाचकांपैकी कुणाच्या घरी अशा वह्या असतील तर कृपा करून रद्दीत देऊ नका, एकदा उघडून बघा.

आजीच्या वह्या कुणा शिक्षकांना बघायच्या असतील तर मी आनंदानं दाखवीन, तुमच्या ऑफिसकडं निरोप ठेवला तरी चालेल. फक्त थोडा वेळ द्या. पहिल्या दोन वह्यांची शाई फार उडालीय, त्यांची पानं आधी टाइप करून घेतेय, आई शेजारी बसून पुसट झालेले शब्द वाचून दाखवते.

आपली,
एक वाचक