तिसरी सही

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

परवा त्या मुलीच्या खुनाच्या बातमीवरून आपलं फोनवर वाजलं. खुन्याला फाशीच हवी, असं तू म्हणत होतास आणि मी नको म्हणत होते. तेव्हा तू विचारलंस, "आणि ताईच्या बाबतीत असं झालं असतं तर? तेव्हाही तू फाशी नको म्हणाली असतीस?" मी गप्प बसले. तुला वाटलं असेल, आईकडे उत्तर नाही. उत्तर होतं, पण तू चिडलेला असताना फोनवर ते धड सांगता आलं नसतं. म्हणून लिहिते आहे.

ताईच्या बाबतीत असं झालं असतं, तर तो माणूस मरावा असंच मला वाटलं असतं. माझ्या हातांनी मरावा, असंही वाटलं असतं. याची मला लाज वाटत नाही, आणि तुझ्या संतापाची तूही वाटून घेऊ नकोस. अशी बातमी वाचून ज्याच्या पोटात कालवत नाही, त्याच्याशी मला या विषयावर बोलायचंच नाही. पण मी स्वतःला ओळखते रे. त्या अवस्थेत पोलिसांनी ज्याला माझ्यासमोर आणून उभं केलं असतं, तोच मला खुनी दिसला असता. त्याची नजर, त्याचं खाली बघणं, त्याचं गप्प राहणं, सगळ्यात मला गुन्हाच दिसला असता. 'हा तो नव्हे' असं सांगायला कोणी आलं असतं, तर त्यालाही मी दाराबाहेर काढलं असतं. पोटचं लेकरू गेलेल्या आईला कोणीतरी हवा असतो. आणलेला माणूस तोच आहे का, हे बघायची ताकद तिच्यात उरलेली नसते.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तू तेव्हा सातवीत होतास. आमच्या कार्यालयात पैशांची अफरातफर झाली आणि चौकशीला तिघांची समिती नेमली. त्यात मी तिसरी. एका कारकुनावर आळ होता. कपाटाची दुसरी किल्ली त्याच्याकडे असायची, त्या दिवशी तो उशिरापर्यंत थांबला होता, आणि निघाल्याची वेळ त्याने एकदा एक आणि एकदा दुसरी सांगितली होती. नोंदवहीतली खाडाखोड मात्र मला त्याच्या हातची वाटत नव्हती. मी ते बोलले. एकदाच बोलले. दुसरे दोघं म्हणाले, "मॅडम, सगळं स्पष्ट आहे." संध्याकाळ झाली होती, अहवाल सकाळी द्यायचा होता. तो समोर खुर्चीची पाठ धरून उभा होता आणि दाबून धरल्यामुळे त्याची बोटं पांढरी पडली होती. तो रडला नाही, विनवण्या केल्या नाहीत. तेही आम्ही त्याच्या विरोधातच धरलं. मी सही केली.

अकरा महिन्यांनी खरा माणूस दुसऱ्याच प्रकरणात सापडला आणि हेही त्याने कबूल केलं. त्या कारकुनाला परत घेतलं, थकलेला पगार दिला. तो रुजू झाला त्या दिवशी मी त्याच्या टेबलापाशी गेले आणि म्हणाले, "माझी चूक झाली." त्याने बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि समोरची खुर्ची सरकवली. "बसा," एवढंच म्हणाला. त्याने मला माफ केलं की नाही, मला आजही माहीत नाही. पण ज्याच्यापुढे मान खाली घालावी, असा माणूस तिथे बसलेला होता.

आम्ही तिघं वाईट नव्हतो, निनाद. हेच तुला सांगायचं आहे. कोणाचं त्याच्याशी वैर नव्हतं, कोणी पैसे खाल्ले नव्हते. आम्ही दमलो होतो आणि आम्हाला खात्री वाटत होती.

म्हणूनच जपानच्या एका न्यायाधीशाबद्दल वाचलं तेव्हा माझा हात थरथरला. इवाओ हाकामादा हा आधी मुष्टियोद्धा होता, मग मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाच्या, कारखान्यात नोकरीला लागला. १९६६ मध्ये तिथल्या एका अधिकाऱ्याचं कुटुंब, चार माणसं, मारली गेली आणि याला धरलं. रोज कित्येक तास, आठवड्यांमागून आठवडे विचारपूस झाली तेव्हा त्याने कबुली दिली. न्यायालयात ती नाकारली. तीन न्यायाधीशांपैकी नोरिमिची कुमामोतो यांना तो निर्दोष वाटत होता, पण बाकीचे दोघं विरुद्ध गेले. निकालपत्र लिहायचं काम नेमकं कुमामोतोंकडे होतं. त्यांनी १९६८ मध्ये फाशीचा निकाल लिहिला. पुढे त्यांनी न्यायाधीशपद सोडलं, आणि २००७ मध्ये, जवळजवळ चाळीस वर्षांनी, मनातलं जाहीरपणे सांगितलं.

तू ताईचं नाव काढलंस ना? हाकामादालाही ताई होती, हिदेको. जपानमध्ये कैद्याला फाशी त्याच दिवशी सकाळी कळते. त्यामुळे प्रत्येक सकाळी दाराशी बूट वाजले की जीव मुठीत. अशा हजारो सकाळी त्याने काढल्या आणि त्याचं मन त्यात विस्कटून गेलं. कधी कधी तो बहिणीलाही भेटायला तयार नसायचा. ती तरी जात राहिली. २०१४ मध्ये फेरखटल्याचा आदेश झाला आणि तो बाहेर आला. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं, आणि मिसोच्या टाकीत सापडलेले रक्ताचे कपडे तपास करणाऱ्यांनीच बनवलेला पुरावा होता, असं म्हटलं. तो ८८ वर्षांचा होता, ती ९१ ची. फाशी लवकर झाली असती तर तिला कोणासाठी लढायचं होतं?

टिमोथी इव्हान्सच्या बाबतीत लवकर झाली. लंडनमध्ये, मार्च १९५० मध्ये, स्वतःच्या तान्ह्या मुलीच्या खुनासाठी. तो खटल्यात सांगत होता की खालच्या मजल्यावरच्या क्रिस्टीने हे केलं आहे. क्रिस्टी सरकार पक्षाचा महत्त्वाचा साक्षीदार होता. तीन वर्षांनी त्याच क्रिस्टीच्या घरात बायकांची प्रेतं सापडली. इव्हान्सला १९६६ मध्ये माफी मिळाली. कोणाला मिळाली ती? मला हे वाचताना दर वेळी ती सरकवलेली खुर्ची आठवते.

तू म्हणशील, आई, जिथे शंकेला जागाच नाही तिथलं बोल. बोलते. पण आधी एक लक्षात घे, हाकामादा आणि इव्हान्स यांच्या निकालपत्रांतही शंका नव्हतीच. शंका ठेवून कोणी फाशी देत नाही. 'नक्की' आणि 'अगदी नक्की' असे दोन वेगळे खण कुठल्याच न्यायालयात नसतात. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या बचन सिंग निकालाने फाशी फक्त 'दुर्मिळातील दुर्मीळ' प्रकरणात द्यावी अशी कसोटी घातली, आणि गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराकडेही बघा, तो सुधारू शकतो का ते बघा, असं सांगितलं. हेतू चांगलाच होता. तरी एकाला जे दुर्मीळ वाटतं ते दुसऱ्याला वाटत नाही, आणि त्या फरकावर एक जीव टांगलेला असतो. डॉ. आंबेडकरांनी जून १९४९ मध्ये संविधान सभेत फाशीच्या अपिलांची चर्चा चालू असताना सांगितलं होतं की त्यापेक्षा फाशीच रद्द करणं मला जास्त पसंत पडेल. कायदा इतका जवळून बघितलेल्या माणसाचे ते शब्द आहेत.

दहशत बसते, हा तुझा दुसरा मुद्दा. त्यावर फार लिहीत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ मध्ये त्याआधीच्या तीसेक वर्षांतले अभ्यास तपासले आणि त्यांतून फाशीने खून कमी होतात किंवा होत नाहीत, यातलं काहीच ठरवता येत नाही, असं सांगितलं. मग ज्याचा परिणाम माहीत नाही, त्यासाठी माणूस मारायचा का?

मला खरं अडवतो तो जर्मन तत्त्वज्ञ कांट. तो दहशतीचं नावच काढत नाही. एखादा समाज उद्या पांगणार असला, सगळे बेट सोडून निघणार असले, तरी तुरुंगातल्या शेवटच्या खुन्याला आधी फाशी द्या, असं तो म्हणतो. कारण खुन्याला शिक्षा देणं म्हणजे त्याला आपल्या कृत्याची जबाबदारी असलेला माणूस मानणं. यात वजन आहे. गुन्हेगाराला बिचारा म्हणून सोडून देणाऱ्यांचा मलाही राग येतो. आणि जन्मठेप ही काही दया नव्हे. इटालियन विचारवंत बेकारियाने १७६४ मध्ये फाशीला विरोध केला तो आयुष्यभराच्या शिक्षेचा धाक जास्त बसतो म्हणून, आणि इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने १८६८ मध्ये ब्रिटिश संसदेत फाशीची बाजू घेतली ती आयुष्यभराची कोठडी जास्त क्रूर आहे म्हणून. दोघांनाही एकच भिंत दिसली होती.

पण कांटला मी इथे सोडते. खून करताना त्या माणसाने काय केलं, ते आपण थांबवू शकलो नाही. फाशीच्या वेळी तो बांधलेला असतो. आपण त्याचं वजन करतो, कारण वजनावरून दोराची लांबी ठरते. तो आजारी असला तर आधी औषध देतो. तारीख ठरवतो, डॉक्टर बोलावतो. त्या खोलीत रागावलेलं कोणी नसतं. तुझा राग मला कळतो, पण तो वजनकाटा मला कळत नाही.

आता तू विचारशील, त्या मेलेल्या मुलीच्या आईला हे सांगशील का? नाही. तिच्यापुढे यातलं एक अक्षरही मी बोलणार नाही. ती फाशी मागेल, तर मी तिचा हात धरून ऐकत बसेन. नाही म्हणायचं ओझं तिच्यावर टाकायचं नाही. ते मी उचलीन, कारण माझ्या घरातली सगळी माणसं आज जिवंत आहेत.

हे पत्र ताईलाही दाखव. तिला विचारल्याशिवाय आपण दोघं तिच्या नावाने भांडलो, ते काही बरं नाही केलं. आणि कांटबद्दल तुझं काय म्हणणं आहे, ते सविस्तर लिही. माझ्याकडून तो अजून पुरता सुटलेला नाही.

तुझी,
आई