गणपतीच्या शाळेतल्या चार कवट्या

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

वर्गासाठी मातीच्या कवट्या घडवून दिल्यात, त्याबद्दल तोंडावर आभार मानले की तुम्ही "ह्या कित्याक?" म्हणत पाट उचलून आत जाता. म्हणून हे जाहीर पत्र. नातवाकडून वाचून घ्या, गावातल्या चार लोकांनाही वाचू दे.

दहावीच्या विज्ञानात उत्क्रांतीचा धडा अगदी सुरुवातीला येतो, म्हणजे नेमका तुमच्या गणपतीच्या शाळेत मूर्ती घडवण्याच्या घाईच्या दिवसांत. भिंतीला टेकवलेले लोकांचे पाट, अर्धवट सोंडा, माती मळणारी पोरं, आणि त्यात मी मोबाईलवर कवट्यांचे फोटो घेऊन उभी. 'चतुर्थी झाल्यावर बघू' म्हटलं असतंत तरी कुणी नावं ठेवली नसती. तुम्ही हात पुसलेत, चष्मा लावलात, फोटो मोठा करून बराच वेळ पाहिलात आणि म्हणालात, "बाईनू, मान खंयसून येता ता ह्यात दिसणा नाय. खालसून काढलेलो फोटो व्हयो."

आबा, निम्मा धडा तिथेच झाला. कवटीच्या तळाला एक मोठं भोक असतं, मज्जारज्जू त्यातून खाली उतरतो. चिंपांझीत ते मागे सरकलेलं असतं, आपल्यात जवळजवळ मधोमध, कारण ताठ चालणाऱ्याचं डोकं मणक्यावर तोललेलं असावं लागतं. दक्षिण आफ्रिकेत टाउंगला 1924 साली एका लहान मुलाची कवटी मिळाली. शरीररचनेचे अभ्यासक रेमंड डार्ट यांनी या भोकाच्या जागेवरूनच ते मूल दोन पायांवर चालणाऱ्यांपैकी असावं असं मांडलं आणि पुढची कितीतरी वर्षं बड्या शास्त्रज्ञांना ते पटलं नाही. सोंडेचं वजन पुढे ओढत असताना गणपतीचं डोकं सरळ ठेवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला मात्र ते समजावून सांगावं लागलं नाही.

चिंपांझी, लूसी नावाच्या जीवाश्म सांगाड्याची जात, केनियात सापडलेला आदिमानव मुलगा तुर्काना बॉय आणि आपण, अशा चार कवट्या तुम्ही घडवल्यात. लूसी 1974 साली इथिओपियात हाडारला सापडली. 32 लाख वर्षांपूर्वीची, उंची जेमतेम साडेतीन फूट. तिच्या कवटीचे तुकडेच मिळालेत, म्हणून आपण तिच्या जातीच्या दुसऱ्या कवटीचे फोटो घेतले. सुकताना माती आक्रसते हे धरून तुम्ही प्रत्येक कवटी मापापेक्षा मोठी केलीत, आतून पोकळ ठेवलीत आणि भुवयांवरचा कंगोरा कोरणीने असा काढलात की बोट फिरवल्याशिवाय पोरांना राहवेना.

फळीवर गणपतींच्या रांगेत कवट्या वाळताना पाहून कुजबुज झालीच. पाट ठेवायला आलेल्या एकाने विचारलं, "गणपतीच्या शाळेत कवटी कित्याक?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "म्हाळाक ज्येंका जेवाक बोलावतास, त्येंचेच ह्ये आजेपणजे." तो हसत बाहेर पडला आणि विषय मिटला. लूसीची जात थेट आपली पूर्वज की बाजूची शाखा, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे, पण तुमच्या उत्तरापुढे ती पुस्ती जोडायची मला काही गरज वाटली नाही.

वर्गात मुलांनी एकेक कवटी तळाच्या भोकात बोट घालून तोलून पाहिली. चिंपांझीची लगेच पुढे कलली. मग आत तांदूळ भरून मोजपात्रात ओतले. पुस्तकात चिंपांझीच्या मेंदूला सुमारे 400 घनसेंटिमीटर, लूसीच्या जातीला साधारण 450, तुर्काना बॉयला 880, आपल्याला सुमारे 1350. आमचे आकडे तसेच्या तसे आले नाहीत, क्रम मात्र बरोबर आला. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभर तोंड उघडत नाही, म्हणाली, "बाई, लूसीचा मेंदू माकडाएवढाच, पण भोक आपल्यासारखं. म्हणजे आधी चालायला लागले, अक्कल नंतर आली!" फळ्यावर एक शब्दही लिहायच्या आधी हे आलं. टांझानियात लाएटोलीला ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली 36 लाख वर्षांपूर्वीची पावलं तेच सांगतात, हे मग दोन वाक्यांत उरकता आलं.

दरवर्षीचा प्रश्न यंदाही आलाच: "मग आमच्या बागेतल्या माकडांची माणसं कधी होणार?" नारळ-काजूची नासधूस बघणाऱ्या घरातला तो पोटतिडकीचा प्रश्न. ती आपली भावकी आहे, आजा नव्हे, असं सांगितलं. चिंपांझीशी आपल्या वाटण्या 60-70 लाख वर्षांपूर्वी झाल्या, बागेतल्या माकडांशी त्याच्याही कितीतरी आधी. वाटण्या म्हटल्यावर कोकणातल्या पोरांना आणखी काय समजवायचं!

तुम्हाला कामोया किमेऊ यांच्याबद्दल सांगायचं राहून गेलं. केनियातले हे गृहस्थ, शाळा फारशी शिकलेले नव्हते, पण जीवाश्म शोधण्यात त्यांची नजर जगात मानली गेली. 1984 साली तुर्काना सरोवराजवळच्या खड्यांत कवटीचा एक लहानसा तुकडा त्यांनीच ओळखला आणि त्यातून तुर्काना बॉयचा जवळजवळ सगळा सांगाडा हाती आला. मुलांना हे सांगितलं तेव्हा वर्गातून तुमचं नाव आलं, मी सुचवलं नव्हतं.

आता एक मागणी. पुढे निअँडरथल या नामशेष झालेल्या मानवाची कवटी हवी आहे. मेंदू आपल्याएवढा किंवा किंचित मोठाच, पण कपाळ मागे उतरतं. खालून काढलेला फोटो आधीच मिळवून ठेवलाय. चतुर्थी होऊ दे, घाई नाही. 'उरलेली मातीच होती' म्हणून पैसे नाकारलेत, ते पुढच्या वेळी चालणार नाही, मुख्याध्यापकांशी बोलून ठेवलंय. आमच्या घरचा पाट रविवारी पाठवते. गणपती गेल्या वर्षीएवढाच.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
हायस्कूलच्या विज्ञानाच्या बाई