घोड्याचे पाय आणि स्वाराचा मृत्यू

गेल्या रविवारच्या पुरवणीतील अश्वारूढ पुतळ्यांवरचा लेख वाचला. घोड्याचे पुढचे दोन्ही पाय उचललेले असतील तर स्वार रणात पडला, एकच उचललेला असेल तर जखमांनी गेला आणि चारही टेकलेले असतील तर आजाराने, हा ‘संकेत’ लेखात खरा मानून दिला आहे. शिल्पकलेत असा नियम नाही. शिवाजी महाराजांचे निधन १६८० मध्ये रायगडावर आजारपणात झाले. पुढचे पाय उंचावलेल्या घोड्यावरचे त्यांचे पुतळे मात्र गावोगावी आहेत. वॉशिंग्टनमध्ये १८५३ साली बसवलेल्या, अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या पुतळ्यातील घोडा मागच्या दोन पायांवर उभा आहे आणि जॅक्सन १८४५ मध्ये घरीच वारले.

पाय किती टेकवायचे हे बरेचदा वजन ठरवते. ब्राँझचा पुतळा आतून पोकळ असतो. दोनच पायांवर तोलायचा तर पुढचा भाग पातळ आणि मागचा जाड ओततात, मागच्या पायांतून पोलादी सळया चौथऱ्याच्या काँक्रीटमध्ये खोल उतरवतात आणि जमले तर शेपूट टेकवून तिसरा आधार घेतात. (अशा घोड्यांच्या शेपट्या उगाच लांब नसतात!) पोटाखाली पाणी निघायला भोक ठेवले नाही, तर आत शिरलेले पावसाचे पाणी पायांत साचते, पोलाद गंजून फुगते आणि जोडाला भेग जाते. नागपुरात पुढचा अश्वारूढ पुतळा ठरेल तेव्हा निविदेत उंचीच्या जोडीला या भोकाचाही उल्लेख असावा.

– एक वाचक, महाल, नागपूर