विषय: ‘अॅक्टिव्हेटेड बायोचार’ वापरून मेलेले बारा मासे आणि आज कापलेला माझा चौथा फोन

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

आज दुपारी बावीस मिनिटं बोलून तुमच्या माणसाने माझा फोन मध्येच ठेवला. हा चौथा फोन होता. पाचवा करणार नाही, म्हणून हे लेखी देते आहे.

तुमच्या ‘अॅक्टिव्हेटेड बायोचार’चं, म्हणजे माशांच्या टाकीच्या फिल्टरमध्ये भरायच्या कोळशाचं, एक किलोचं पाकीट मी 649 रुपयांना घेतलं. पाकिटावर मराठीत छापलं आहे: ‘वाफेने सक्रिय केलेला करवंटीचा कोळसा. धुण्याची गरज नाही. जुना स्पंज काढून टाका, हे एकटेच पुरेसे.’ खाली ठळक अक्षरांत ‘अमोनिया शोषतो’ आणि ‘कायमस्वरूपी’. चौदा वर्षं मासे पाळते आहे, तरी तुमच्या नावावर विश्वास ठेवून मी पाकिटावर लिहिलं होतं तसंच केलं. जुना स्पंज काढला, कोळसा न धुता फिल्टरमध्ये भरला. याचा मला स्वतःवर राग येतो, पण त्या ओळी वाचूनच मी तसं केलं, आणि त्या ओळी तुमच्या आहेत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मासे पाण्याच्या वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते, कल्ले लालभडक. पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) 7.2 वरून 8.6 झाला होता. संध्याकाळपर्यंत अकरा नियॉन मासे गेले. एंजल माशांतली मादी रात्री गेली. सहा वर्षांची होती. झाकणाचा आवाज झाला की काचेपाशी यायची. नर अजून फिल्टरच्या पाइपजवळच्या त्याच कोपऱ्यात थांबून असतो, तिथे ती अंडी घालायची.

काय घडलं हे तुमच्या कारखान्यातल्या माणसांना सांगायची गरज पडू नये, तरी लिहिते. लाकडाच्या किंवा करवंटीच्या कोळशात राख असते, राखेत पोटॅशियम आणि कॅल्शियमचे क्षार असतात, आणि ते पाण्यात उतरले की पीएच चढतो. मुंबईचं तलावाचं पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, त्याला हा चढ अडवता येत नाही. त्यातच तुमच्या सांगण्यावरून स्पंज काढल्यावर त्यात वाढलेले, माशांच्या शरीरातून बाहेर पडणारा अमोनिया पचवणारे जीवाणू गेले. अमोनिया साचला. 25 अंश तापमानाला पीएच 7.2 असेल तर त्यातला एक टक्क्याहूनही कमी भाग माशांना विषारी रूपात असतो, 8.6 ला सुमारे 18 टक्के. म्हणजे तोच अमोनिया वीस पटींनी घातक झाला. आणि सक्रिय कोळसा अमोनिया जवळजवळ धरतच नाही. तो औषधांचे रंग धरतो, लाकडातून उतरलेला पिवळेपणा धरतो, क्लोरीन काढतो. मॅलॅकाइट ग्रीन या माशांच्या औषधाचा उपचार संपल्यावर पाणी साफ करायला मी दरवेळी तोच वापरते. अमोनियासाठी जिओलाइट हे खनिज घालतात. कोळशाची छिद्रं काही आठवड्यांत भरतात आणि तो बदलावा लागतो, मग ‘कायमस्वरूपी’ कशाच्या आधारावर छापलंत?

मी कोळशाच्या विरोधात नाही. नीट भाजलेला, भरपूर धुतलेला बायोचार जीवाणूंना राहायला चांगली जागा देतो. म्हणूनच राग येतो. ‘धुण्याची गरज नाही’ हे वाक्य पाकिटावर नसतं तर मी राख धुऊन टाकली असती.

आता तो फोन. मी साधं विचारलं, “हा कोळसा अॅक्टिव्हेट कशाने केला आहे, वाफेने की रसायनाने?”

“मॅडम, पाकीट फोडलं की तो अॅक्टिव्हेट होतो.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पुन्हा विचारलं. तो म्हणाला, “हवा लागली की काम सुरू करतो. म्हणूनच सीलबंद येतो.”

मी त्याला शांतपणे सांगितलं की आधी करवंटीचा कोळसा करतात, मग 800 ते 1000 अंशांना त्यावर वाफ सोडतात, त्याने आत सूक्ष्म छिद्रं पडतात, एका ग्रॅमला हजार चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग मिळतो, आणि त्याला सक्रिय कोळसा म्हणतात. तुमच्याच पाकिटावर वाफेचा उल्लेख आहे, तेही वाचून दाखवलं. तो म्हणाला, “मॅडम, तुम्ही नेटवर जास्त वाचता.” मग विचारलं, “खायला जास्त घातलं होतं का?” नाही म्हटल्यावर, “मासे किती रुपयांचे होते?” मी गप्प राहिले. तो म्हणाला, “नियॉन तर तीस रुपयांना मिळतो. मी तुम्हाला पुढच्या ऑर्डरवर पंधरा टक्क्यांचं कूपन देतो.” कशावर, विचारलं तर, “कशावरही. बायोचारवरपण.” मी म्हटलं, माझी मादी सहा वर्षांची होती. तो म्हणाला, “म्हणजे तिचं वय झालंच होतं ना, मॅडम.” मी वरिष्ठांना द्या म्हटलं आणि फोन बंद झाला.

त्या मुलाला कोणी काही शिकवलेलं नाही हे मला कळतं. त्याला तसाच फोनवर बसवणारे तुम्ही आहात.

शंका राहू नये म्हणून मी घरी दोन गोष्टी केल्या. शंभर ग्रॅम कोळसा पाच लिटर नळाच्या पाण्यात रात्रभर ठेवला: सकाळी टेस्ट किटचा शेवटचा, सगळ्यात गडद रंग आला, 8.8. मग दोन ग्लासांत मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचे सारखेच थेंब टाकले, एकात माझ्याकडचा जुना सक्रिय कोळसा, दुसऱ्यात तुमचा. पहिल्यातलं पाणी तासाभरात निवळलं. तुमच्या ग्लासातलं दुसऱ्या दिवशीही निळंच होतं. म्हणजे ज्याला तुम्ही सक्रिय म्हणता तो साधा कोळसा आहे, राखेसकट. दोन्हींचे फोटो जोडले आहेत. उरलेला कोळसा आणि पाकीट बरणीत बंद करून ठेवलं आहे. पाकिटावर उत्पादनाचा महिना आणि वर्षही नाही, ते छापणं बंधनकारक आहे.

नऊ वर्षं तुमचे स्पंज फिल्टर वापरले. आमच्या इमारतीतल्या तीन घरांना मी ते घ्यायला लावले. त्यांना काल स्वतः जाऊन सांगून आले की बायोचार आणू नका.

माझे 649 रुपये परत करा. ‘अमोनिया शोषतो’, ‘कायमस्वरूपी’, ‘जुना स्पंज काढून टाका’ आणि ‘धुण्याची गरज नाही’ हे चारही दावे काढा आणि दुकानांतला माल परत मागवा. धुण्याचं पुन्हा सांगते, कारण ते कुणी चार फोनांत लिहूनही घेतलं नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवीन आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाईन. आता तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंत शुल्कही लागत नाही. नमुना माझ्याकडे आहे.

तक्रारदार,
मुलुंड (पूर्व), मुंबई

ता. क. हे पत्र लिहीत असतानाच तुमचा मेसेज आला: पंधरा टक्क्यांचं कूपन माझ्या खात्यात जमा केलं आहे. ते काढून घ्या.