भरलेल्या ट्रकचे स्टिअरिंग जागेवर जड होण्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक,
ट्रक विभाग

विषय: वॉरंटीतील दहा टायरी ट्रकच्या पॉवर स्टिअरिंगची गेज लावून तपासणी व दुरुस्ती करून मिळणेबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीचा बीएस-६ दहा टायरी ट्रक मी कर्जावर घेतला असून तो मी स्वतःच चालवतो. तळोजा-कळंबोलीतून लोखंड भरायचे आणि चाकणला उतरवायचे, हा नेहमीचा धंदा. गाडी रस्त्यावर उत्तम चालते, ओढ चांगली आहे, घाटातही तक्रार नाही. अडचण गाडी थांबली की सुरू होते. भरलेली गाडी गोडाऊनच्या दारात रिव्हर्सला लावताना जागेवर काट मारायची, म्हणजे उभ्या गाडीत चाके वळवायची वेळ आली, की स्टिअरिंग दोन्ही हातांनी, सीटवरून अर्धे उठून ओढावे लागते. काही वेळा तर मध्येच अडकल्यासारखे थांबते.

वर्कशॉपने जॉबकार्डावर शेरा मारला आहे: "उभ्या गाडीत जड लागणे स्वाभाविक, गाडी थोडी चालती ठेवून वळवावी." यातला पहिला भाग मला मान्य आहे. चालत्या गाडीत टायर फिरता फिरता दिशा बदलतो, उभ्या गाडीत तोच टायर जमिनीवर घासत वळवावा लागतो. पुढच्या एक्सलवर सात टनांपर्यंत वजन असते आणि पायब्रेक दाबलेला असेल तर पुढची चाके जराही फिरत नाहीत, म्हणून आणखी जड. पण हे जडपण हातावर येऊ नये म्हणूनच पॉवर स्टिअरिंग बसवलेले असते ना? माझ्या शेजारच्या गाळ्यातल्या ट्रकमालकाकडे आपलेच हेच मॉडेल आहे. त्याच यार्डात, तोच माल भरून, तो एका हाताने काट मारतो. स्वाभाविक असेल तर दोन्ही गाड्यांना सारखेच असायला हवे.

आणि गाडी "चालती ठेवायची" कुठे? कळंबोलीच्या लोखंड बाजारात गाडीच्या पुढे-मागे हातभर जागा मिळाली तरी नशीब.

वर्कशॉपने अलाइनमेंट पाहिले, ग्रीसिंग केले, स्टिअरिंगचा प्ले (चाके न वळता स्टिअरिंग जितके मोकळे फिरते ते) मोजला. प्ले नियमातल्या ३० अंशांच्या आत आहे, हे मीही सांगितले होते. प्लेची तक्रार नव्हतीच. टायरची हवा तक्त्याप्रमाणे आहे. पुढचा एक्सल जॅकवर घेऊन ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सला चाकांशी जोडणारा दांडा) सोडली तेव्हा चाके हाताने सहज वळली, म्हणजे किंगपिन (ज्यांवर पुढची चाके वळतात त्या पिना) जाम नाहीत. ऑइल पातळीला आहे, फेस नाही, फिल्टर नवा टाकला. इतके झाल्यावर उरतात फक्त पंप आणि स्टिअरिंग बॉक्स. नेमके तेच कोणी तपासले नाही.

माझा संशय पंपावर आहे, त्याची कारणे अशी. सकाळी थंड गाडीत त्रास कमी असतो. खंडाळा चढून ऑइल तापले की वाढतो. ऑइल तापून पातळ झाले की झिजलेल्या पंपात आतल्या आत गळते, हे आपल्या इंजिनीयरांना मी सांगायला नको. दुसरे म्हणजे, रेस दिली की स्टिअरिंग लगेच हलके होते. पंप इंजिनवर चालतो; आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसते चालू असताना, त्याचा प्रवाह सर्वांत कमी आणि जागेवर वळवताना गरज सर्वांत जास्त. चांगला पंप ही ओढाताण निभावून नेतो, हा नेत नाही. बॉक्समधल्या सीलमधूनही गळती असू शकते. ते गेज लावल्याशिवाय मीही सांगू शकत नाही आणि आपला सुपरवायझरही.

त्याने मला "रेस देऊन वळवा" असा सल्ला दिला. उतारावर गाडी गिअरमध्ये असताना एक पाय क्लचवर, दुसरा ब्रेकवर. रेस कुठल्या पायाने द्यायची? मग न्यूट्रल करायचे, हँडब्रेक लावायचा, रेस देऊन काट मारायची, पुन्हा गिअर टाकायचा. एक गाडी लावायला हा खेळ कितीदा करायचा? मागे हॉर्न वाजत असतात, वॉचमन दारावर थापा मारत असतो. डिझेल जाते, पुढचे टायर घासतात आणि खांदा रात्री झोपू देत नाही.

माझी मागणी एवढीच: पंप आणि बॉक्सच्या मध्ये प्रेशर गेज व फ्लो मीटर लावून, ऑइल तापलेले असताना, आयडलला आणि वाढवलेल्या आरपीएमला माझ्यासमोर तपासणी करावी. आकडे आपल्याच सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यांशेजारी लिहून सहीशिक्क्यासह द्यावेत. दोष निघेल तो भाग वॉरंटीत बदलावा. आकडे बरोबर आले तर शेजारच्या गाडीत आणि माझ्या गाडीत फरक का, तेही लेखी कळवावे. आयडल वाढवून गाडी परत देऊ नये.

एकच गाडी आणि तीही स्वतः चालवून पोट भरणारा माणूस ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकच ठरतो. पंधरा दिवसांत तपासणी झाली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. जॉबकार्डांच्या प्रती आणि दोन्ही गाड्यांचे व्हिडिओ सोबत जोडले आहेत.

तपासणीचा दिवस आधी कळवावा, म्हणजे मी गाडी भरून आणीन. मागच्या वेळी ती रिकामीच पाहिली गेली होती.

आपला,
वाहनमालक व चालक,
कळंबोली